हेतू कोणाचा? : पो, टागोर आणि जी. ए. यांच्या कथांतील हत्या

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत आणि अलीकडच्या काही लघुप्रबंधांत गूढकथेविषयी लिहिताना एक शब्द फार सढळपणे वापरला जातो. तो शब्द म्हणजे ‘मनोविकृती’. कथेत खून झाला आणि खुन्याने सांगितलेले कारण अपुरे वाटले, की त्याला मनोविकृत ठरवून पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, अशी पद्धतच पडून गेली आहे. या शब्दामुळे विवेचन संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते सुरूच झालेले नसते. खुन्याचा हेतू त्याचा स्वतःचा असतो की त्याला कोणी दिलेला, तो हेतू कथेत कोण सांगतो आणि कोणाला सांगतो, हे प्रश्न अस्पर्शित राहतात. नंदनवन परिसरातील आम्ही काही अध्यापक आणि विद्यार्थी एकत्र बसून कथा वाचतो. तेथे हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला आणि त्या चर्चेतून प्रस्तुत लेखातील मांडणी आकाराला आली. तिची जबाबदारी अर्थात माझी एकट्याची आहे.

विषय आवाक्यात राहावा म्हणून येथे एकाच प्रकारची हत्या विचारात घेतली आहे : माणसाला जिवंतपणी भिंतीआड अथवा भूमीखाली बंद करणे. गॉथिक कथेची ही फार आवडती कल्पना. एडगर ॲलन पो याची ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ (१८४६), रवींद्रनाथ टागोरांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील ‘संपत्ति समर्पण’ आणि जी. ए. कुलकर्णी यांची ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ या तीन कथांत ती केंद्रस्थानी आहे. तिन्ही कथांत बळी आपल्या पायांनी चालत त्या जागी जातो, तिन्हींत त्याला गोड बोलून नेले जाते आणि तिन्हींत बाहेर पडण्याची वाट बंद होते. हेतू मात्र वेगळे आहेत : पहिल्या कथेत सूड, दुसरीत लोभ, तिसरीत भक्ती. माझे म्हणणे असे की, हे हेतू एकाच पातळीवर ठेवून त्यांची तुलना करता येत नाही. पहिला हेतू एका माणसाचा आहे, दुसरा अर्धा माणसाचा आणि अर्धा रूढीचा आहे, तिसरा कोणाही एका माणसाचा नाही. हेतूची मालकी जशी बदलते, तसा कथेतला निवेदकही बदलतो.

येथे रहस्यकथा आणि गूढकथा यांतील एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हेतू म्हणजे कुलूप उघडणारी किल्ली असे वाटण्याची सवय आहे. वारसा, स्त्री, जुने वैर किंवा लपवलेले पाप यांपैकी काहीतरी अखेरीस हाती लागते आणि गुंता उलगडतो. गूढकथेत किल्ली आरंभीच हाती दिलेली असते, पण ती कुलपाला लागत नाही. न्यायालयाच्या भाषेतही असाच एक भेद आहे. उद्देश वेगळा आणि हेतू वेगळा. खुनाच्या खटल्यात उद्देश सिद्ध व्हावा लागतो. हेतू सिद्ध झालाच पाहिजे असे नाही. गूढकथेतील खुन्याचा उद्देश नेहमी स्पष्ट असतो. तो काय करतो आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. का करतो आहे, याच्याशी मात्र तो झगडत असतो.

हे झगडणे पोच्या कथांत सर्वाधिक दिसते. १८४३ मधील ‘द टेल-टेल हार्ट’चा निवेदक आधी सगळे नेहमीचे हेतू स्वतःच खोडून काढतो. म्हाताऱ्यावर आपला राग नव्हता, त्याच्या पैशावर डोळा नव्हता, उलट त्याच्याविषयी प्रेमच होते, असे तो सांगतो. आणि मग त्या म्हाताऱ्याच्या फिकट निळ्या, पडदा धरलेल्या डोळ्याकडे बोट दाखवतो. मराठीत ‘हेतू’ आणि ‘निमित्त’ असे दोन शब्द आहेत, ते येथे नेमके उपयोगी पडतात. डोळा हे निमित्त आहे. हेतूची जागा रिकामी आहे आणि निवेदकाला ती रिकामी असल्याचे जाणवते, म्हणूनच तो इतका बोलतो. त्याच वर्षीच्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये दारूच्या नशेत मांजराचा डोळा काढणारा आणि पुढे पत्नीवर कुऱ्हाड चालवणारा नायक माणसात उपजत असलेल्या एका वाकड्या वृत्तीचा सिद्धान्त मांडतो : जे करू नये असे कळते, तेच करावेसे वाटणे. १८४५ च्या ‘द इम्प ऑफ द पर्व्हर्स’मध्ये हा सिद्धान्त कथेचा निम्मा भाग व्यापतो. गंमत अशी की, त्या कथेतील खुनाला वारशाचा चांगला रोकडा हेतू आहे. विषारी मेणबत्तीने खून झाला, संपत्ती हाती आली, वर्षे गेली, संशयही कोणाला नाही. आणि मग भर रस्त्यात हा गृहस्थ आपण होऊन कबुली देतो. पोला खुनाच्या हेतूपेक्षा कबुलीच्या हेतूचे कुतूहल अधिक होते, असे ही कथा वाचून माझे मत झाले आहे.

‘कास्क’ या रांगेत बसते आणि बसतही नाही. ‘ब्लॅक कॅट’मधील भिंत प्रेत लपवण्यासाठी आहे, ‘कास्क’मधील भिंत हेच हत्येचे साधन आहे. कार्निव्हलच्या दिवसांत, मद्याची पारख करून घेण्याच्या मिषाने माँट्रेसॉर फॉर्च्युनाटोला आपल्या घराखालच्या दफनघरात नेतो, साखळीने जखडतो आणि एकेक थर रचत भिंत पुरी करतो. हेतू पहिल्याच वाक्यात सांगितला आहे : असंख्य आगळिका सोसल्या, पण अपमान सोसला नाही. हा अपमान कोणता, ते कथेत कोठेही येत नाही. आमच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी हा अपमान काय असेल याचा तर्क लढवतो. तो लढवू नये असे नाही. परंतु माँट्रेसॉरला तो सांगावासा वाटत नाही, ही गोष्ट अपमानाच्या तपशिलापेक्षा महत्त्वाची आहे. शिवाय तो हे सारे अर्ध्या शतकानंतर सांगतो आहे, आणि ऐकणारा त्याचे अंतःकरण ओळखणारा कोणीतरी आहे. पन्नास वर्षांनी ज्याला आपला हेतू पुन्हा एकदा मांडावा लागतो, त्याला तो अजून पुरेसा वाटत नाही, असेच म्हणावे लागेल.

येथे एक आक्षेप येतो. माँट्रेसॉर एकटा कोठे आहे? त्याच्या घराण्याचे चिन्ह आहे, सापाला चिरडणारे पाऊल आहे, आपल्याला दुखावणाऱ्याला शिक्षा चुकणार नाही असे बजावणारे कुलवचन आहे. तेव्हा त्याचा हेतूही कुळाने दिलेला नाही काय? आक्षेप वजनदार आहे. भाऊबंदकीची आणि पिढीजात वैराची ओळख असलेल्या मराठी वाचकाला तो सहज सुचावा असाच आहे. परंतु ते कुळ कथेत हाडांच्या राशींच्या रूपाने आहे. भिंत रचायला माँट्रेसॉरच्या मदतीला जिवंत माणूस कोणी येत नाही. नोकरांनासुद्धा त्याने युक्तीने घराबाहेर काढलेले आहे. कुळाचा हेतू त्याने वारसा म्हणून उचलला खरा, पण त्याची अंमलबजावणी त्याला चोरून करावी लागते. जेथे चोरी आहे, तेथे व्यक्ती आहे.

‘संपत्ति समर्पण’मध्ये चोरी आहे, पण एक आधारही आहे. यज्ञनाथ कुंडू हा कंजूष म्हातारा. औषधावर खर्च केला नाही म्हणून सून दगावली, या रागाने मुलगा लहानग्या गोकुळला घेऊन घर सोडून गेला. पुढे गावात नितई पाल नावाचा एक उनाड पोरगा येतो आणि म्हाताऱ्याच्या घरी राहतो. म्हाताऱ्याला त्याचा लळाही लागतो. मग एका रात्री यज्ञनाथ त्याला पडक्या देवळाखालच्या तळघरात उतरवतो, मोहरांच्या हंड्यांमध्ये बसवतो, पूजा करतो आणि त्याच्याकडून वदवून घेतो की हे धन तो गोकुळ कुंडूच्या किंवा त्याच्या वंशजांच्या हातीच देईल. मग शिडी वर ओढली जाते आणि दगड सरकतो. पुढे यज्ञनाथाचा मुलगा परत येतो, तो आपल्या पळून गेलेल्या पोराचा शोध घेत. तो नाव बदलून राहत होता. नितई हाच गोकुळ होता.

लोभ हा हेतू येथे उघड आहे, पण नुसत्या लोभाने हा खून होत नाही. कंजूष माणूस धन पुरून ठेवील. त्याच्या राखणीला जिवंत मूल बसवावे ही कल्पना त्याची स्वतःची नाही. धनाचा यक्ष करण्याची समजूत बंगालच्या लोकमानसात होती आणि यज्ञनाथाने ती तयार उचलली. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? पुरलेल्या हंड्यावरचा नाग, धन दिसणारा पायाळू माणूस, हंडा वर येण्यासाठी मागितला जाणारा बळी ही सामग्री मराठी घरांत आजीच्या गोष्टींतून आलेली आहे. भंडाऱ्याकडच्या एका विद्यार्थिनीने ही कथा वाचल्यावर सांगितले की, तिच्या मामाला जन्मतः पायाळू म्हणून लहानपणी कोणी एकटे रानात पाठवत नसे. तिला कथेत काही अद्भुत वाटले नाही. या प्रतिक्रियेतून मला जे कळले, ते गॉथिक वाङ्मयावरील इंग्रजी ग्रंथांतून कळले नव्हते. पोच्या वाचकाला खुन्याचा हेतू परका वाटावा लागतो. टागोरांच्या कथेतला हेतू वाचकाच्या घरातलाच असतो, फक्त तो अडगळीत पडलेला असतो.

दोन्हींकडे जमिनीखालून आवाज येतो, हे साम्यही लक्षणीय आहे. ‘टेल-टेल हार्ट’च्या निवेदकाला फळ्यांखालून हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि तो पोलिसांपुढे कोसळतो. यज्ञनाथालाही शेवटी कोणाचे तरी रडणे ऐकू येत राहते आणि तो इतरांना विचारतो की तुम्हाला ऐकू येते का. पण तेथे पोलीस नाहीत, कबुली नाही, न्याय नाही. हेतूच मोडून पडतो, कारण ज्याच्यासाठी धन राखायचे त्यालाच राखणदार केलेले असते. पोचा खुनी अपराधाच्या जाणिवेने वेडा होतो, यज्ञनाथ आपल्या व्यवहाराचा हिशेब चुकल्यामुळे. नितई जर खरोखरच कोणी परका नितई असता, तर म्हातारा शांतपणे झोपला असता. टागोरांच्या कथेतली खरी भीती मला या ‘जर’मध्ये दिसते. तिचे कथन तृतीयपुरुषी आहे यात नवल नाही. यज्ञनाथाला काही समजावून सांगायचेच नाही. त्याला कोणी विचारलेलेही नाही.

जी. एं.कडे वळण्यापूर्वी चिलया बाळाची आठवण काढणे भाग आहे. श्रीधराने शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’तील श्रियाळ-चांगुणेची कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे आणि श्रावणात श्रियाळ षष्ठीही पाळली जाते. अतिथी पोटच्या पोराचे मांस मागतो, डोळ्यांत पाणी न आणता आई ते शिजवते, मस्तक उखळात कांडते. हेतू सत्त्वाचा आहे आणि ऐकणारा प्रत्येक जण आईच्या बाजूचा असतो. या कथेला गॉथिक म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल, कारण चांगुणा हाक मारते आणि बाळ धावत येते. मूल परत येणे या एका घटनेवर तिचा सगळा भक्तिभाव उभा आहे. नितई परत येत नाही. ज्या समाजाच्या संस्कारात चिलया बाळ आहे, त्याला यज्ञनाथाच्या पूजेचा विधी ओळखीचा वाटतो आणि शेवट असह्य वाटतो. भारतीय गॉथिक कथा असे काही वेगळे असेल, तर ते पुराणकथेतला प्रसाद काढून घेतल्यावर उरलेल्या भागात शोधावे लागेल.

‘स्वामी’मध्ये हा भाग पूर्ण रूपात येतो. प्रवासात अडकलेल्या एका सामान्य माणसाला महंत मोठ्या अगत्याने मठात घेऊन जातो. पाहुणचार होतो. मग भुयारी खोलीत त्याला कळते की येथून आता बाहेर पडायचे नाही. लोकांना स्वामी हवा आहे आणि तो स्वामी आपण आहोत. त्याला मारझोड होत नाही, उपाशी ठेवले जात नाही. त्याच्या सोयीची काळजी घेतली जाते. शेवटी त्या कोठडीतून उजेडाकडे बाहेर पडते ती एक वेल.

हा खून आहे का, असा प्रश्न वर्गात निघतोच. कायद्याच्या दृष्टीने काय ठरेल ते वकिलांनी सांगावे. कथेच्या दृष्टीने तो खूनच आहे आणि तो फॉर्च्युनाटोच्या खुनापेक्षा भयंकर आहे. महंताच्या मनात राग नाही, लोभ नाही, वाकडी वृत्तीही नाही. त्याच्याशी वाद घालता येत नाही, कारण तो स्वतःसाठी काहीच करत नाही. या स्वामीच्या जागी दुसरा कोणी असता तरी चालले असते, आणि महंताच्या जागी दुसरा महंत असता तरीही हेच घडले असते. हेतू मठाचा आहे, गावाचा आहे, परंपरेचा आहे. अशा हत्येत कबुली कोण देणार? म्हणून कथा खुन्याकडून काढून घेऊन बळीच्या जाणिवेत ठेवावी लागते. पोने जो निवेदक खुन्याला दिला, तो जी. एं.नी बंदिवानाच्या बाजूला नेऊन बसवला. ‘स्वामी’वरील आपल्याकडील समीक्षा नियती, मुक्ती, सृजन, जीवनेच्छा या अंगांनी विपुल आहे आणि त्या वाचनांचे मोल मी कमी लेखत नाही. तथापि सगळे लक्ष वेलीकडे गेल्यामुळे दाराकडे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. दार नियतीने बंद केलेले नाही. ते माणसांनी बंद केले आहे आणि ते कोणासाठी, हे त्यांना ठाऊक आहे.

पश्चिमेकडे व्यक्तीचा हेतू आणि आपल्याकडे समूहाचा, अशी सोपी वाटणी मात्र करू नये. विल्यम फॉकनरची ‘ए रोज फॉर एमिली’ (१९३०) ही वाटणी मोडून काढते. एमिली सोमल विकत घेते. औषधविक्रेत्याला कायद्याने कारण विचारणे भाग असते. ती नुसती पाहत राहते आणि तो उंदरांसाठी असे लिहून पुडके देतो. घरातून दुर्गंधी येते तेव्हा गावचे प्रतिष्ठित रात्री चोरपावलांनी येऊन चुना टाकून जातात. निवेदक ‘आम्ही’ म्हणून बोलतो. एमिलीचा हेतू कोणी सांगत नाही, कारण तो विचारला असता तर बाईचा मान राखण्याचा गावाचा आपला हेतूही उघडा पडला असता. स्टीव्हन्सनच्या ‘द बॉडी स्नॅचर’मध्ये (१८८४) शरीरशास्त्राच्या शाळेला प्रेते हवी असतात आणि ती कोठून येतात हे विचारायचे नसते. एडिंबरोत १८२८ साली उघडकीस आलेल्या बर्क आणि हेअर यांच्या खुनांची त्यामागे पार्श्वभूमी आहे. मठ, गाव, शाळा : हेतू पुरवणाऱ्या संस्था सर्वत्र आहेत.

मराठी गूढकथेने या शक्यतेचे काय केले, हे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. नारायण धारपांच्या कथाविश्वात अमंगल शक्ती बहुधा बाहेरून येते आणि समर्थांसारखा कोणी तिचा बंदोबस्त करतो. माणूस तिचे वाहन असतो, त्यामुळे त्याच्या हेतूचा प्रश्न उरत नाही. वाचकाची झोप उडवण्याचे धारपांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पण पुस्तक मिटल्यावर तो सुटतो. रत्नाकर मतकरींनी ‘खेकडा’पासून गूढकथा मध्यमवर्गीय घरात आणली. त्यांच्याकडे दुष्टावा बहुधा माणसाच्या मनातून, नात्यांतून, जागेच्या अडचणीतून आणि मत्सरातून उगवतो. या दिशेने आणखी पुढे जाता आले असते. त्यांच्यानंतरच्या पुष्कळ लेखकांनी मात्र पोकडून शेवटचा धक्का आणि वेडा निवेदक एवढेच उचलले. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या ब्लॉकमध्ये राहणारा तो वेडा निवेदक मला कधी पटत नाही. आपल्याकडे एवढा एकांत कोणाला मिळतो? खून करून तो बोलत सुटेल, तोवर शेजारी दोनदा दार वाजवून गेलेले असतील.

‘मनोविकृती’ या शब्दाविषयीची माझी तक्रार या ठिकाणी वाङ्मयाबाहेर जाते. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रिया आणि लहान मुलींच्या हत्यांची मालिका घडली. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांसाठी दिलेले बळी, असा तिचा हेतू पोलीस तपासात मांडला गेला. त्या हत्यांचा विषय निघाला की ऐकणारे एक तर विकृती म्हणतात किंवा अंधश्रद्धा म्हणतात. दोन्ही शब्द खुन्याला आपल्यापासून दूर नेऊन ठेवतात. मूल व्हावे, जमिनीतून धन निघावे, या इच्छा विकृत नाहीत आणि त्या कोणा एकट्याच्याही नाहीत. नरबळी आणि इतर अमानुष प्रथांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये स्पष्टपणे नमूद आहेत. खुनाच्या सर्वसाधारण कायद्याला जो हेतू सिद्ध करून घेण्याची गरज पडत नाही, तो या कायद्याला नावानिशी लिहावा लागला. जलस्रोत हा शब्द वाचताना मला ‘केरेगे हार’ हे कन्नड लोकगीत आठवले. तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकट्या सुनेचा, भागीरथीचा, बळी देणाऱ्या घराची ती कथा आहे. तेथेही घर दुष्ट नाही. त्याला पाणी हवे आहे.

कथा या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासपत्रिकेत ‘स्वामी’ आणि ‘संपत्ति समर्पण’ एकत्र ठेवून शिकवाव्यात, शेजारी ‘कास्क’ असावी, आणि गूढकथेला लोकप्रिय वाङ्मयाच्या वेगळ्या कप्प्यात ढकलू नये, अशी माझी सूचना आहे. ज्यांना प्रबंधासाठी विषय हवा आहे, त्यांच्यासाठी काम बरेच शिल्लक आहे. माँट्रेसॉरने घराबाहेर काढलेले नोकर, फॉकनरच्या कथेतील सोमल विकणारा, स्टीव्हन्सनच्या शाळेत दार उघडून प्रेत ताब्यात घेणारा विद्यार्थी, आणि मठात त्या बंद कोठडीपर्यंत रोजचे अन्न वेळेवर पोहोचवणारे हात : या माणसांच्या हेतूविषयी या चारही कथा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे कोणीतरी नीट मांडून पाहिले पाहिजे. स्वामीच्या जेवणाची वेळ कधी चुकली असे ऐकिवात नाही.